‘अलाऊ’ दाबण्याआधी

नवं ॲप फोनवर घेतलं की पहिल्याच मिनिटात ते प्रश्नांची रांग लावतं. लोकेशन द्या. कॉन्टॅक्ट्स द्या. फोटो पाहू द्या. नोटिफिकेशन पाठवू द्या. आपल्याला तर फक्त विजेचं बिल भरायचं असतं किंवा एसटीचं तिकीट काढायचं असतं. वाचायला वेळ नसतो, म्हणून आपण भराभर ‘अलाऊ’ दाबत पुढे जातो. एखाद्याने नकार दिलाच, तर तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा समोर येतो. कित्येकदा ‘नको’ असं बटणच नसतं. ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’ यांतलंच काहीतरी निवडावं लागतं.

सॉफ्टवेअरची ही कटकट आणि आपल्या खासगी माहितीची गळती या आपल्याला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मला त्या एकच वाटतात. पुन्हा पुन्हा विचारलं की माणूस कंटाळतो आणि कंटाळलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो, हे ॲप बनवणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. आपली बरीचशी माहिती कोणी चोरून नेत नाही; आपणच कंटाळून ती देऊन टाकतो. म्हणून खासगीपणा जपण्यासाठी संगणकशास्त्र शिकायची गरज नाही. आपला नकार एकदाच, शांतपणे, सेटिंगमध्ये जाऊन नोंदवून ठेवायचा, एवढी सवय पुरते. ती कशी लावायची, ते पाहू.

आधी कटकटीचं नाव ओळखा

ग्राहकाला गोंधळात टाकून हवं ते करून घेणाऱ्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये हे नाव रूढ केलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा १३ प्रकारांची यादीच दिली. त्यांतले काही तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत.

तिकीट काढताना न विचारता विमा किंवा देणगी बिलात टाकून ठेवणं, हा एक प्रकार. ‘फक्त दोनच शिल्लक’ असं खोटं सांगून घाई करायला लावणं, हा दुसरा. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लाजवणारं वाक्य नकाराच्या बटणावर लिहिणं, हा तिसरा. सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं, हा चौथा. आणि नोटिफिकेशन चालू करा, ॲप घ्या, माहिती द्या असा सारखा धोशा लावणं, हाही त्या यादीत स्वतंत्रपणे नोंदवलेला प्रकार आहे.

नावं माहीत असली की दोन फायदे होतात. एक म्हणजे ‘मलाच हे जमत नाही’ ही भावना जाते. ती मांडणीच तशी केलेली असते. दुसरं म्हणजे तक्रार करता येते. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवा. फुकट चाचणीच्या नावाखाली दर महिन्याला पैसे कापले जात असतील, तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या नावाखाली चालू परवानग्यांची यादी असते. महिन्यातून एकदा ती उघडा आणि नको असलेली तिथूनच रद्द करा. अशा आवर्ती रकमा कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे ‘उद्या एवढे रुपये कापले जातील’ असा मेसेज आला तर न वाचता पुसू नका.

एका बैठकीत फोन आवरा

रविवारी सकाळी चहा झाल्यावर निवांत बसा. अँड्रॉइड फोनमध्ये पुढची कामं त्याच बैठकीत उरकतात. कंपनीप्रमाणे सेटिंगची नावं थोडी बदलतात; सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाका.

१. न वापरलेली ॲप्स काढून टाका. लग्नाचा अल्बम पाहायला घेतलेलं, एका सेलसाठी घेतलेलं, मुलाने खेळून सोडून दिलेलं, अशी ॲप्स आधी घालवा. फोनबरोबर आलेली जी ॲप्स निघत नाहीत, ती ‘डिसेबल’ करा.

२. ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. इथे लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे ती परवानगी कोणाकोणाकडे आहे ते दिसतं. प्रत्येक ॲपबाबत एकच प्रश्न विचारा: याच्या मूळ कामाला हे लागतं का? नकाशाला लोकेशन लागतं, टॉर्चला लागत नाही. कॅल्क्युलेटरला मायक्रोफोनचं काही काम नाही.

३. लोकेशन ‘फक्त ॲप वापरताना’ एवढंच ठेवा. अँड्रॉइड १२ पासून ‘प्रिसाइज’ हा पर्याय बंद करून फक्त ढोबळ ठिकाण देता येतं. पाऊस पडणार का, हे सांगायला हवामानाच्या ॲपला तुमची गल्ली कळायची गरज नाही.

४. नोटिफिकेशन आवरा. नको असलेली नोटिफिकेशन आली की ती पुसू नका. तिच्यावर बोट दाबून धरा, तिथेच ती कायमची बंद करायचा पर्याय येतो. बँक, घरची माणसं, कामाची जागा आणि औषधाची आठवण एवढ्यांनाच वाजायची मुभा द्या.

५. जाहिरातींचा ओळख क्रमांक पुसा. प्रत्येक फोनला जाहिरातदारांसाठी एक क्रमांक दिलेला असतो आणि वेगवेगळी ॲप्स त्यावरून एकाच माणसाची माहिती जुळवतात. गुगलच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्स’खाली तो पुसता येतो. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन ॲप्सना विचारायचीच मनाई करता येते, ही सोय २०२१ पासून आहे.

६. गुगल खात्यातली ‘ॲक्टिव्हिटी’ आपोआप पुसली जाईल असं करा. ३, १८ किंवा ३६ महिने असे पर्याय असतात; ३ निवडा.

७. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो आणि ‘ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं’ हे दोन्ही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा अंकी पिन लावा. अनोळखी नंबरवरून येणारे कॉल गप्प करायची सोयही तिथेच आहे.

या यादीत कॉन्टॅक्ट्सची परवानगी सर्वांत जपून द्या, कारण तिथे तुमच्याबरोबर इतरांचीही माहिती जाते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी काय केलं, ते आपण पाहिलं आहे. हप्ता थकला की कर्जदाराच्या बहिणीला, साहेबांना, जुन्या शिक्षकांना फोन करून त्याची बदनामी केली गेली. ते सगळे नंबर एका ‘अलाऊ’मधून मिळालेले होते. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲप्सनी कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फोनमधल्या फाइल्स पाहू नयेत, असा नियम केला. तरीही कर्जाच्या एखाद्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले, तर तेवढंच कारण ते काढून टाकायला पुरेसं समजा.

काउंटरवर नंबर मागितला तर

कपड्यांच्या दुकानात बिल करताना विचारतात, ‘मॅडम, मोबाईल नंबर?’ मागे रांग असते, मुलगा कंटाळलेला असतो आणि आपण दहा आकडे सांगून टाकतो. मागच्या चार माणसांनाही ते ऐकू जातात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नये. ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढं वाक्य शांतपणे म्हणा. ‘सिस्टीम पुढेच जात नाही’ असं उत्तर आलं तर मॅनेजरला बोलवायला सांगा. बहुतेक ठिकाणी मग सिस्टीम पुढे जाते.

नंबर द्यावाच लागतो अशी ठिकाणंही असतात. शक्य असेल तर घरात एक जादा सिम फक्त खरेदी, कुरिअर आणि फॉर्म यांसाठी ठेवा. बँकेचा आणि आधारचा नंबर मात्र वेगळा असू द्या आणि तो कुठेही वाटू नका. तुमच्या नावावर नक्की किती सिम चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तो तुमचा नाही असं तिथेच कळवता येतं.

यूपीआयबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, विशेषतः एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलींसाठी. बऱ्याच जणांच्या यूपीआय आयडीत मोबाईल नंबरच असतो. रिक्षाचे चाळीस रुपये दिले की समोरच्याच्या फोनवर आपलं नाव दिसतं आणि आयडीतून नंबरही जाऊ शकतो. बहुतेक यूपीआय ॲप्समध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवून तो मुख्य करता येतो. आजच करून टाका.

आणि पार्सल आलं की खोक्यावरचं लेबल फाडून मगच खोका रद्दीवाल्याला द्या. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि बऱ्याचदा फोन नंबरही छापलेला असतो.

झेरॉक्सच्या दुकानातलं आधार कार्ड

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आठवा. झेरॉक्सच्या दुकानावर पाटी असते: ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा’. आपण आधारची, पॅनची, दहावीच्या मार्कशीटची पीडीएफ पाठवतो, दुकानातला मुलगा ती संगणकावर उघडतो, प्रिंट काढतो, आपण पैसे देऊन निघतो. फाइल मात्र त्या दुकानाच्या चॅटमध्ये राहते, संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते आणि संध्याकाळपर्यंत तिथे शंभर जणांची आधार कार्डं साठतात. दुकानदार सज्जन असेलही. पण तो संगणक कोण हाताळतं, तो बिघडला की कुठे दुरुस्तीला जातो, हे आपल्याला माहीत नसतं.

यावर उपाय सोपे आहेत. आधारची ‘मास्क्ड’ प्रत डाउनलोड करून ठेवा. तिच्यात १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात. पूर्ण क्रमांक कायद्याने लागत नसेल तिथे हीच प्रत द्या. आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते, पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव आणि साल माहीत आहे, त्याच्यासाठी ते कुलूप उघडंच आहे. पासवर्डच्या भरवशावर ती फाइल फिरवू नका. दुकानात जाताना पेन ड्राइव्ह न्या, किंवा प्रिंट झाल्यावर ‘दादा, माझ्यासमोर फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही’ असं सांगा आणि चॅटमधूनही ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. प्रतीवर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते पेनाने आडवं लिहा. बोटांच्या ठशांवरून पैसे काढण्याची फसवणूक टाळायची असेल, तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि गरज पडेल तेव्हाच उघडा.

निनावी राहायचं आहे, कोणापासून?

निनावी राहायची इच्छा झाली की संशय घेणारे खूप असतात. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण लगेच तोंडावर फेकली जाते. पण मनाच्या आजाराबद्दल विचारू पाहणारी विद्यार्थिनी, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटायचा मार्ग शोधणारी बाई, ऑफिसातला गैरव्यवहार उघड करू पाहणारा कारकून यांनी काहीच चूक केलेली नसते, तरी त्यांना आडोसा लागतो. तो त्यांचा हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

मात्र निनावी राहण्याची साधनं वापरताना आधी ठरवा: कोणापासून? उत्तर वेगळं, तसं साधन वेगळं.

घरातल्या दुसऱ्या माणसाला काय शोधलं ते दिसू नये, एवढंच हवं असेल तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी पुरते. तिचं काम तेवढंच: खिडकी बंद झाली की त्या फोनवर इतिहास उरत नाही. तुम्ही उघडलेली वेबसाइट, ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट देणारी कंपनी यांच्यापासून ती लपवत नाही. याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत गुगलने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

जाहिरात कंपन्यांपासून सुटका हवी असेल तर फायरफॉक्ससारखा, तिऱ्हाईत कुकीज अडवणारा ब्राउझर वापरा आणि त्याला ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडा. पॉप-अप आणि आपोआप वाजणारे व्हिडिओ यांची कटकटही त्याबरोबर बरीच कमी होते.

हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर कोणी डोकावू नये, यासाठी व्हीपीएन कामाचं आहे. पण व्हीपीएन म्हणजे विश्वासाची जागा बदलणं: इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. फुकट व्हीपीएनला तर पैसे कुठून मिळतात, याचा विचार करूनच हात लावा. भारतातल्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि इतर तपशील ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले.

याहून दाट आडोसा टॉर ब्राउझरचा. त्याचं मूळ तंत्र अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झालं. त्यात तुमची विनंती ३ वेगवेगळ्या संगणकांतून जाते आणि त्यांतल्या कोणाही एकाला ‘कोण’ आणि ‘कुठे’ ही दोन्ही उत्तरं मिळत नाहीत. पण टॉरमध्ये बसून स्वतःच्या जीमेलमध्ये लॉगिन केलंत, तर आडोसा तुम्हीच दूर केलात.

साधन कुठलंही असो, माणूस बहुधा ओळखला जातो तो त्याच्याच तपशिलांवरून. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले शोध संशोधनासाठी खुले केले. नावं काढून त्या जागी आकडे घातले होते. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी एका आकड्यामागची वयस्कर बाई शोधून काढली, कारण तिने आपल्या गावातल्या सेवा आणि आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती. लटान्या स्वीनी या संशोधक महिलेने तर दाखवून दिलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के अमेरिकी नागरिक वेगळे ओळखू येऊ शकतात.

म्हणून टोपणनावाने लिहायचं असेल तर नवीन ईमेल घ्या, त्याला रोजचा मोबाईल नंबर जोडू नका, जुना प्रोफाइल फोटो वापरू नका आणि आपली सोसायटी, ऑफिस, मुलांची शाळा, गावची जत्रा हे तपशील लिखाणात येऊ देऊ नका. फोटो टाकण्याआधी मागे दिसणारी पाटी, गाडीचा नंबर, मुलाच्या गणवेशावरचा बिल्ला पाहा. फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची जागा नोंदलेली असू शकते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून फाइल जशीच्या तशी पाठवली तर ती जागाही सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. आणि निनावीपणा हे कोणाला त्रास द्यायचं साधन नव्हे. पोलीस न्यायालयीन मार्गाने माग काढू शकतात आणि काढतात.

कायदा तुमच्या बाजूने कुठे आहे

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सरकारी यंत्रणांना या कायद्यात मोठी सूट आहे आणि ती मला खटकते. तरी त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, संमती ठरावीक कामापुरतीच असते. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट्सही मागितले आणि ग्राहकाने दोन्हीला हो म्हटलं, तरी ती संमती वैद्यकीय सल्ल्यापुरतीच धरली जाईल. दुसरी, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. तिसरी, माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या यादीत आहेत. आपल्या भाषेत सूचना मागणारे लोकच नसतील, तर ती तरतूद कागदावरच राहील. म्हणून मागा, ईमेल करा, नोंद राहू द्या.

पैशांची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा; जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी, हे सगळं एकट्याने करून भागत नाही. तुमचा नंबर, फोटो आणि पत्ता तुमच्या बहिणीच्या, मित्राच्या, सासूबाईंच्या फोनमध्येही आहे. घरातल्या ज्या व्यक्तीच्या फोनवर सर्वांत जास्त नोटिफिकेशन वाजतात, तिच्या शेजारी बसा. तिच्या हातातून फोन घेऊन स्वतः सगळं बदलू नका. तिलाच ‘परमिशन मॅनेजर’ उघडायला लावा आणि प्रत्येक ॲपसाठी तोच प्रश्न विचारायला सांगा: याच्या कामाला हे लागतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘डोन्ट अलाऊ’ तिनेच दाबायचं.